वाड्याला सेंट्रल एसी? थांबा, आधी माळवद बघा!

गावाकडच्या जुन्या घराला सिटीवाला गारवा द्यायचाय? भिंतीला हात लावण्याआधी हे वाचाच!

मे महिन्यातली दुपार. तुम्ही ऑफिसच्या एसीत अंगावर जॅकेट घालून कीबोर्ड बडवताय आणि फॅमिली ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. गावाकडची आजी, डोक्यावर ओलं फडकं, हातात पेपरची घडी घालून केलेला पंखा. खाली काकांचा मेसेज... ‘लाइट सकाळपासून नाही.’ काय वाटतं तेव्हा? आपण सव्वीस अंशांत बसलोय आणि आपली माणसं भट्टीत, असं वाटून पोटात कालवतं की नाही?

माझं तसंच झालं. आमचं घर कळंबला. हो, धाराशिव जिल्ह्यातलं, मांजरा नदीकाठचं कळंब. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आजी भर दुपारी ओसरीत चक्कर येऊन पडली. हाडं शाबूत राहिली, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, दुपारी यांना गार खोलीत ठेवा. उतारवयात शरीराला स्वतःला थंड ठेवणं जमत नाही, तहानही लागल्याची कळत नाही. आजीला पुण्याला न्यायचं म्हटलं तर ती म्हणते, “तुमच्या त्या डब्यात मला कोंडून मारायचंय व्हय?”

मग आयटीवाल्या चुलतभावाच्या डोक्यातून आयडिया निघाली. आजी पुण्याला येत नाही ना? मग पुणं आजीकडे नेऊ! अख्ख्या वाड्याला सेंट्रल एसी! पाच खोल्या, एक मशिन, छतातून गार हवा. त्याने इंटरनेटवर परदेशातली शंभर-शंभर वर्षांची घरं बघितली होती, कुठेही डबा लटकलेला नाही, भिंतीला फक्त बशीएवढी गोल तोंडं. एकदम कूल! आम्ही तिघं भावंडं कॉन्ट्रिब्युशन काढायलाही तयार झालो.

पुढे जे झालं, त्यातून मी एसीबद्दल जेवढं शिकले, त्याहून जास्त आमच्या स्वतःच्या घराबद्दल शिकले.

कॉम्पॅक्ट सेंट्रल एसी म्हणजे काय भाऊ?

आपण मॉलमध्ये बघतो तो सेंट्रल एसी म्हणजे मोठ्ठाले पत्र्याचे डक्ट. एका टनाच्या एसीला मिनिटाला साधारण चारशे घनफूट हवा फिरवावी लागते. (हा टन वजनाचा नाही हं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खेचून घेण्याची ताकद म्हणजे एक टन, अर्थात साडेतीन किलोवॅट.) दोन टनांची हवा आवाज न करता न्यायची तर डक्ट अंदाजे फूट बाय फूट हवा. जुन्या घरात ही पेटी लपवणार कुठे?

म्हणून अमेरिकेत एक वेगळी सिस्टीम आली. तिथल्या जुन्या घरांत गरम पाण्याचे रेडिएटर असायचे, डक्टसाठी जागाच सोडलेली नसायची. तिथे दोन इंची लवचीक नळ्या भिंतीच्या पोकळीतून साप सोडल्यासारख्या सोडतात. हवा कमी, पण वेगात. एका टनाला अशी पाच-सहा तोंडं लागतात. घराचं रूप बिघडत नाही, सगळं झाकलेलं.

आता मेख बघा. हे जमतं कारण तिथल्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, आतून पोकळ असतात. आपल्या वाड्याची भिंत पोकळ नसते, ती दगडमातीने ठासून भरलेली असते. शिवाय ही सिस्टीम तालुक्याच्या गावीच काय, आपल्या शहरातल्या नेहमीच्या शोरूममध्येही सहज मिळत नाही. बिघडली तर दुरुस्तीला कोण येणार?

मग आपल्याकडे उरतात तीन पर्याय. एक, ‘डक्टेबल’, म्हणजे पोटमाळ्यावर एक मशिन आणि तिथून दोन-तीन खोल्यांना आखूड डक्ट. दुसरा, मल्टी-स्प्लिट, म्हणजे बाहेर एकच मशिन आणि आत खोलीखोलीत वेगळं युनिट. इथे हवा नाही, फक्त गॅसच्या तांब्याच्या बारीक नळ्या फिरतात, त्यामुळे भोक लहान. याचाच थोरला भाऊ म्हणजे व्हीआरएफ, जो जपानमध्ये १९८२ साली जन्माला आला आणि आज मोठ्या ऑफिसांत दिसतो. आणि तिसरा, आपला साधा स्प्लिट.

मिस्त्रीकाकांची एन्ट्री

शहरातून एक एसी कॉन्ट्रॅक्टर येऊन माप घेऊन गेला. लेझरवालं मीटर वगैरे. त्याच्या ड्रॉइंगवर चार भिंतींना फूट बाय फुटाची चार भोकं होती. काकांनी तो कागद आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी कागद नीट बघितलाही नाही. माजघराच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, “ताई, ही भिंत एक न्हाई, दोन हायती. भायली एक, आतली एक. मदी निस्ता भर. हितं फूटभर भोक पाडलं की भिंतीला पोट सुटंल. मग वरचं माळवद कुणाच्या डोक्यावर येईल, सांगा.”

ज्यांनी माळवद बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मराठवाड्यातल्या जुन्या घराचं छत म्हणजे लाकडी तुळया, त्यावर आडवे सर, त्यावर किलचा किंवा फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची पद्धत. पिढ्यान् पिढ्या थर चढत गेला. हा थर दीड ते दोन फुटांचा धरला तर दहा बाय दहाच्या एका खोलीवर अंदाजे सात ते दहा टन माती होते! (हा मात्र वजनाचाच टन.) आणि हे सगळं तोलणाऱ्या भिंती मातीत रचलेल्या, कधी दोन फूट, कधी तीन फूट जाड.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले आणि चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. रिश्टर स्केलवर ६ च्या थोडा वर. जगात याहून मोठे भूकंप झालेत, पण इथे सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसं मेली ती प्रामुख्याने घरांखाली. दोन पदरी दगडी भिंती मधून फुटल्या आणि वरची माती खाली आली. भूकंप रात्रीचा नसता, लोक शेतात असते, तर चित्र वेगळं असतं.

किल्लारी आमच्यापासून तशी लांब, पण हादरा कळंबलाही जाणवला. आजी सांगते, कितीतरी रात्री सगळी आळी अंगणात झोपत होती. त्यानंतर आमच्या आजोबांनी अर्ध्या वाड्याचं माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. या भागात खूप घरांनी हेच केलं. सरकारी पुनर्वसन कार्यक्रमातही लाखाहून जास्त घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाला मदत दिली गेली. भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार जाणारे दगड बसवायचे, छतावरची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरप्या पट्ट्या मारायच्या, अशी कामं त्यात होती.

म्हणजे बघा, जीव वाचावा म्हणून माती उतरवली आणि त्याबरोबर घराचा गारवाही उतरला! उन्हाळ्यात आजी ज्या भट्टीत बसलीय, ती भट्टी आमच्याच भीतीतून तयार झालेली आहे.

आधी थर्मामीटर, मग एसी

मिस्त्रीकाकांचं ऐकून आम्ही कॉन्ट्रॅक्टरला ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि मी शहाणपणाचं एक काम केलं. दोनशे-तीनशे रुपयांचे तीन थर्मामीटर घेऊन कळंबला गेले. दुपारी तीन वाजताचा स्कोअर असा... पत्र्याच्या खोलीत ४३, ओसरीत ४१ आणि अजून माळवद असलेल्या माजघरात ३३! एकाच घरात दहा अंशांचा फरक!

“काय मोजायलीस ग माय?” आजीने विचारलं. “उन्हाळा हाय, तापणारच की.”

कारण सोपं आहे. जाड भिंत आणि मातीचं छत ही उष्णतेची बँक आहे. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्री दारं-खिडक्या उघडल्या की ती उष्णता बाहेर निघून जाते. छताला असलेलं साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, तिथून वर चढलेली गरम हवा निसटते. पत्र्याकडे यातलं काहीच नाही. ऊन पडलं की पाच मिनिटांत आत.

आणि हे डोकं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आठवतोय? तोच, नर-मादी धबधब्यावाला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल बांधला गेला. पाणी महाल! पावसाळ्यात वरून नदी वाहते आणि आतल्या खोल्यांत माणूस कोरडा उभा. दगडाची जाडी आणि पाण्याचा शेजार... चारशे वर्षांपूर्वीचा सेंट्रल एसी म्हणा हवं तर! लाइट गेली तरी बंद न पडणारा.

आमची पहिली ऑर्डर त्यामुळे एसीची नव्हतीच. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा कोट दिला. आतून पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि फॉल्स सीलिंग, मध्ये हवा खेळायला फट. खिडक्यांना बाहेरच्या बाजूने वाळ्याचे पडदे. लक्षात ठेवा, पडदा बाहेरून हवा. काचेच्या आत आलेलं ऊन आलंच की! पुढच्या फेरीत पत्र्याच्या खोलीत ३७ दिसले. अजून गरमच, पण भट्टी विझली होती.

कूलर का नाही?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. मुंबईच्या दमट हवेत कूलर म्हणजे चिकचिक, पण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खरंच चालतो. बाहेर ४० अंश आणि हवा चांगली कोरडी असेल तर चांगला कूलर २६ ते २८ अंशांची हवा फेकू शकतो. वीज एसीच्या कितीतरी पट कमी. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओलावा खोलीतच साचतो.

अडचण आहे पाण्याची. एक टन एसीएवढा गारवा पाण्याच्या वाफेतून मिळवायचा तर तासाला निदान पाच लिटर पाणी उडतं. दिवसाचे दहा तास धरा... पन्नास लिटर, म्हणजे तीन-चार घागरी! आणि कुठल्या दिवसांत? ज्या दिवसांत नळाला पाणी नसतं! २०१६ ला आमच्या शेजारचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ही काही दंतकथा नाही. “पाव्हण्याला तांब्याभर पाणी द्यायला इचार करावा लागतो आन् ह्यो मशिन घागर पितो,” हे आजीचं म्हणणं मला खोडता आलं नाही. कूलर आम्ही ओसरीत ठेवला, पण पाणी असेल त्या दिवसांपुरता.

शेवटी काय केलं?

सेंट्रल एसी कॅन्सल. पाच खोल्या गार करायची गरजच नाही, हे थर्मामीटरनेच सांगितलं होतं. आजीला दुपारी गारवा हवा आहे आणि सगळ्यात थंड खोली आधीच घरात आहे. मग ३३ वरून २७ वर आणायला कितीसा जोर लागतो? माजघराला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरला. हाच एसी पत्र्याच्या खोलीत लावला असता तर धापा टाकत बसला असता.

पण तोही डोकं लावून बसवला. भोक भिंतीला पाडलंच नाही, खिडकीच्या वरच्या झडपेची एक फळी काढून तिथून नळ्या नेल्या. शहरात काँक्रीटला पाणी सोडत गोल भोक पाडतात ना, ते मातीच्या भिंतीत अजिबात नको. आतलं युनिट भिंतीला न ठोकता दोन लाकडी खांबांमध्ये आडवी फळी बसवून त्यावर टांगलं. बाहेरचं युनिट तीस-चाळीस किलोचं आणि थरथरणारं, त्याला ब्रॅकेटवर न लटकवता परसात सिमेंटच्या ओट्यावर ठेवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठिबकणारं पाणी. एसी हवेतला ओलावा पाणी करून बाहेर टाकतो. मे महिन्यात ते थोडं असतं, पण जून-जुलैत बादलीभर होतं. सिमेंटच्या भिंतीवर नुसता डाग पडेल, मातीत रचलेल्या भिंतीत मात्र ते पाणी मुरलं की आतली माती विरघळायला लागते. पाइप भिंतीपासून लांब, थेट तुळशीवृंदावनाच्या आळ्यात सोडलाय.

वायरिंगवर खर्च झाला तो वेगळाच. घरातली वायर माझ्या बाबांच्या लग्नातली! मीटरपासून एसीपर्यंत वेगळी, जाड तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि नवं अर्थिंग. लाकडी तुळयांच्या घरात शॉर्टसर्किट म्हणजे काय होईल, सांगायला नको.

चौकट : एसीवाल्याला बोलवण्याआधी

घर ओळखा. दगडमातीची भिंत आणि माळवद असेल तर मोठे डक्ट विसरा. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं स्लॅबचं घर असेल, पोटमाळा असेल, पॅसेज उंच असेल तर डक्टेबल किंवा मल्टी-स्प्लिट बिनधास्त विचारात घ्या. मात्र बीम आणि कॉलमला भोक नाही म्हणजे नाही!

छत आधी. पत्रा किंवा उघडा स्लॅब तसाच ठेवून एसी लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. आणि माळवद उतरवायचं की ठेवायचं, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा, एसीवाल्याला नाही.

एकाच मशिनवर सगळं घर? विचार करा. ते बंद पडलं तर पाचही खोल्या बंद. गावात सर्व्हिसवाला दोन दिवसांनी येतो.

बिलाचं गणित. एक-दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी तासाला साधारण अर्धा ते सव्वा युनिट घेतो. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतात, तिथेच बिल उडी मारतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवर सेट असतात. तिथून वरचा प्रत्येक अंश सुमारे सहा टक्के वीज वाचवतो. २७ वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा.

लाइट गेली तर? छतावरचं सोलर बिल कमी करतं. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडीही आहे. पण साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होतं, हे विकणारा सहसा सांगत नाही. आणि ते पॅनेल माळवदावर चढवण्याआधी पुन्हा तेच, इंजिनियरला विचारा.

चूल आणि शेगडी. एसीसाठी फटी बुजवता तेव्हा धुराची वाटही बुजते. बंद खोलीत शेगडी पेटवू नका. साणं बुजवू नका, झाकण बसवा. दुपारी बंद, रात्री उघडं.

तर, आजी काय म्हणाली?

यंदाच्या मे महिन्यात मी दोन दिवसांसाठी गेले होते. दुपारी माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोन म्हाताऱ्या, काकूची भिशीतली मैत्रीण आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ, कोपऱ्यात शेवया वळणं चाललेलं. रिमोट आजीच्या उशाखाली. २८ च्या खाली कुणी नेलं तर ती ओरडते, “हाडं गोठवायलाव का माझी?” साडेचार वाजले की स्वतः उठून बंद करते आणि दारं उघडते.

चुलतभावाला अजून त्या परदेशी गोल तोंडांचं वाईट वाटतं. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “आजी, सेंट्रल एसी राहूनच गेला गं.”

आजीने त्याला फोनमधून सगळी गर्दी दाखवली. “माजघर म्हंजी मधलंच घर की रं. मधल्या घरात यंत्र बसवलंय, सगळी हितंच येऊन बसत्यात. आजून कसलं शेंट्रल पायजे तुला?”